बिनलायसनचे बबनभाऊ

बबनभाऊ पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी दारातच चपला काढल्या, हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, तांब्याभर पानी द्या." सुलभाने गार पाण्याची बाटली आणि वर एक पेला आणून दिला. त्यांनी पेला बाजूला ठेवला, बाटलीचं झाकण काढलं आणि सगळं पाणी शांतपणे फरशीवर ओतलं. ती फरशी सुलभाने दहा मिनिटांपूर्वीच पुसली होती. ती माझ्याकडे पाहू लागली, मी बबनभाऊंकडे, आणि बबनभाऊ पाण्याकडे. पाणी थोडा वेळ तिथेच घुटमळलं, मग स्वयंपाकघराच्या दिशेने निघालं आणि मधल्या भिंतीच्या पायाशी जाऊन साचलं. बबनभाऊंनी उकिडवं बसून भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि उठले.

"पानी हितं आलं, म्हंजी जमीन दबलीया. ही भिंत लय वज्जं पेलती," ते म्हणाले. "हिला हात लावायचा न्हाई."

मी त्यांना नेमकी तीच भिंत पाडायला बोलावलं होतं.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचा मूर्खपणा नीट समजणार नाही. मी बत्तीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात होतो, ठेकेदार नोंदणीच्या टेबलावर. सरकारी काम घ्यायचं तर ठेकेदाराचं नाव खात्याकडे नोंदलेलं लागतं, आणि त्याचे कागद माझ्या हाताखालून जात. ऐपतीचा दाखला, अनुभवाचा दाखला, शिक्के, सह्या, सगळं मी डोळ्यांत तेल घालून तपासत असे. विटेला मात्र कधी हात लावला नाही. तरीही निरोप समारंभात कुणीतरी "बांधकामातला जाणकार माणूस" असं म्हणालं आणि मी ते खरं मानून घरी आलो. मग निवृत्तीचा सगळा फंड घालून लोणावळ्यात, तुंगार्लीच्या चढावर एक जुना दुमजली बंगला घेतला. पुण्याचं भाड्याचं घर सोडलं. मुलाच्या बंगळूरच्या फ्लॅटमध्ये ओपन किचन पाहून आलो होतो. तसं आपल्याकडे झालं पाहिजे, या एका हट्टापायी हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली ती भिंत माझ्या डोळ्यांत सलत होती.

बबनभाऊ टाकवे बुद्रुकचे गवंडी. पासष्टीच्या पुढे, काटक, डोक्याला पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात ओळंबा. दूधवाल्याने त्यांचं नाव सुचवलं होतं. त्या दिवशी मी त्यांना माझ्या जुन्या टेबलावरच्या आवाजात विचारलं, "तुमचं रजिस्ट्रेशन कुठल्या वर्गातलं आहे?"

"न्हाई आपलं तसलं काय," ते म्हणाले. हे म्हणताना ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले, असं आता वाटतं. तेव्हा मला ते अज्ञान वाटलं.

"मग खर्चाचा अंदाज तरी लेखी द्या."

"भिंत पाडायची आसंल तर माझा अंदाज आसा, की पयलं इंजिनेर बोलवा. त्यो वरचं वज्जं मोजंल. मंग नगरपालिकेत अर्ज टाका. परवानगी आली की मी गर्डर घालून देतो. चाळीस गोनी शिमिट, वीस दिस." त्यांचे सगळे अंदाज गोण्यांत आणि दिवसांत असत, रुपये आपण काढायचे.

"अहो, आतल्या भिंतीला दोन महिने परवानगीची वाट बघायची?"

"भिंत पाडायला दीड दिस लागतो साहेब, परवानगीला दोन म्हयनं. त्या दोन म्हयन्यांत मानूस शाना व्हतो. म्हनून तर त्यो नियम हाय."

बत्तीस वर्षं नियमांच्या जिवावर पगार घेतलेल्या माणसाला एका बिनलायसनच्या गवंड्याने नियमाचं कारण समजावून सांगावं, हे मला झोंबलं. "कळवतो" म्हणून मी त्यांची बोळवण केली. सुलभा म्हणाली, "अहो, माणूस बरोबर बोलत होता." मी तिला सांगितलं की या क्षेत्रातलं मला कळतं.

चार दिवसांनी मला हवा तसा माणूस मिळाला. ओंकार नाव, पिंपरीचा. चकचकीत कार्ड, लॅपटॉपवर आमच्या न झालेल्या ओपन किचनचं चित्र, त्यात सुलभासारखी दिसणारी पण बरीच बारीक बाई कॉफी पीत बसलेली. मी विचारायच्या आधीच त्याने मोबाईलवर नोंदणीचं प्रमाणपत्र उघडलं. क्रमांक, वर्ग, तारीख, आणि खाली सही. सही माझी होती.

माझी छाती अभिमानाने फुगली. ओंकारही खूश झाला. "काका, म्हणजे मी तुमचाच माणूस!" तो म्हणाला. परवानगीचा विषय मी नावापुरता काढला, तर तो म्हणाला, "इंटिरिअरच्या कामाला परवानगी कशाला? कोण बघायला येतंय?" लागते, हे मला पक्कं ठाऊक होतं. या एका वाक्यासाठी मी नोकरीत असताना लोकांना अर्धा तास झापलं असतं. पण स्वतःचं घर, स्वतःची सही आणि समोर चित्रातली कॉफी. मी मान डोलावली.

भिंत खरंच दीड दिवसात पडली. ओंकारची माणसं राडारोडा उचलून दुसऱ्या साइटवर गेली, "फिनिशिंगला सोमवारी येतो" म्हणाली. मोकळ्या झालेल्या जागेत उभं राहून मी मुलाला व्हिडिओ कॉल केला आणि हॉल किती मोठा दिसतो ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभा वरच्या मजल्यावरून म्हणाली, "न्हाणीघराचं दार लागत नाहीये." मी म्हटलं, लाकूड फुगलं असेल. डिसेंबरात, कोरड्या हवेत लाकूड कसं फुगेल, हा प्रश्न जाणकार माणसाला पडला नाही. दुपारी हॉलच्या छताला केसाएवढी चीर दिसली. चार वाजता तिच्यात माझं नख जात होतं. ओंकारचा फोन लागेना. पाचव्यांदा लागला तेव्हा तो म्हणाला, "काका, प्लास्टर असेल, घाबरू नका," आणि पुढचे फोन उचलायचं त्याने बंद केलं.

मी घाबरलो, हे कबूल करायला आता हरकत नाही. आयुष्यभराची पुंजी त्या छताखाली होती. ज्यांना "कळवतो" म्हटलं होतं त्यांचा नंबरही मी ठेवला नव्हता. स्कूटर काढली आणि कामशेत, कान्हे फाटा करत टाकव्याला पोचलो. भातझोडणीचे दिवस होते. बबनभाऊ खळ्यावर होते, अंगावर सगळा भुसा. मी जे घडलं ते धापा टाकत सांगितलं. ओंकारच्या प्रमाणपत्रावरच्या माझ्या सहीचं तेवढं गाळलं.

त्यांनी "मी सांगितलं नव्हतं का" असं म्हटलं नाही. मी ते ऐकायची तयारी करूनच गेलो होतो. त्यांनी एकच विचारलं, "वैनी कुटं हायती?"

"घरी," मी म्हणालो.

"घरात?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छताची काळजी करत मी पंचवीस किलोमीटर आलो होतो आणि बायकोला त्याच छताखाली चहा करायला ठेवून आलो होतो. मी फोन लावला. "सुलभा, आत्ताच्या आत्ता घराबाहेर ये!" ती म्हणाली, "थांबा हो, दूध वर येतंय." बबनभाऊंनी फोन माझ्या हातातून घेतला. "वैनी, दूद जाऊंद्या. गॅस बंद करा आन् भाईर या. मी निगालो." ती तत्काळ बाहेर आली. पस्तीस वर्षांच्या संसारात माझं इतक्या लवकर तिने कधी ऐकलेलं नाही.

त्यांनी झोडणी तशीच टाकली. भावकीतले दोघे, टेम्पोत लाकडी बल्ल्या आणि लोखंडी जॅक घेऊन अंधार पडायच्या आत ते आमच्या दारात होते. आत शिरण्यापूर्वी त्यांनी आमच्या त्या धोकादायक घराच्या उंबऱ्यापाशीही चपला काढल्या आणि मग विचार करून पुन्हा घातल्या. दोन तास हॉलमध्ये एकेक टेकू उभा राहत होता. खाली फळी, वर फळी, मध्ये बल्ली, आणि पाचर ठोकताना बबनभाऊंचा आवाज, "हळू... आजून हळू... घराला कळू द्यायचं न्हाई." मीही एक बल्ली धरून होतो. "साहेब, फकस्त धरा, ढकलू नका," असं मला तीनदा सांगावं लागलं. शेवटची पाचर बसली तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "आता थांबंल." मला रडू आलं. ते चुना डोळ्यात गेला असं समजून मला पाणी आणायला गेले, निदान तसं दाखवलं तरी.

मी लगेच म्हटलं, "उद्याच गर्डर टाकून घ्या. काय लागेल ते देतो."

"न्हाई. टेकूवर घर म्हयनाभर काय, चार म्हयनं ऱ्हाईल. आता इंजिनेर, मंग कागद, मंग गर्डर."

"अहो, आता तर अर्ज केला की मी बेकायदा भिंत पाडली हे कळेल. दंड होईल."

"व्हईल की. पाडलीया ना?"

 इंजिनिअरने पाहून सांगितलं की गर्डर बसून दाखला मिळेपर्यंत इथे कुणी राहायचं नाही. आम्ही शेजारच्या बंगल्याच्या आउटहाऊसमधल्या एका खोलीत राहायला गेलो. सुलभा रोज सकाळी खिडकीतून स्वतःच्या घराकडे पाहत चहा प्यायची.  एकदाच म्हणाली, "मला तुमचं ओपन किचन नको. साधं बंद द्या, पण आत जाऊन चार पोळ्या लाटू द्या." मी मान खाली घालून नगरपालिकेत अर्ज घेऊन गेलो.

बबनभाऊ आठवड्यातून एकदा येत, पाचरी तपासत आणि आमच्या खोलीबाहेर बसून चहा घेत. तेव्हा ते जरा बोलायचे. मी दरी दिसावी म्हणून पश्चिमेला मोठी काच लावायची कल्पना मांडली, तर म्हणाले, "पावसाला आवतान कशाला धाडता? त्यो हितं तसाबी येतोच." लायसनचा विषय निघाला की म्हणत, "लायसन भिंतीवर टांगत्यात साहेब. भिंत लायसनवर टांगाया येत न्हाई." एकदा सुलभाने विचारलं, इतकी घरं बांधली, स्वतःचं कसं आहे? म्हणाले, "कुडाचीच हाय मागली बाजू. गवंड्याचं घर आन् वैद्याचा खोकला, दोन्ही शेवटाला." असं म्हणून ते स्वतःच खूप वेळ हसले.

माझा अर्ज परत आला. नकाशात पाडायच्या भिंतीला पिवळा रंग लागतो आणि नव्या कामाला लाल. आधीच पाडून बसलेल्या भिंतीला कुठला रंग, हे मला ठाऊक नव्हतं म्हणून मी ती रंगवलीच नव्हती. दुसऱ्यांदा परत आला तो इंजिनिअरच्या दाखल्याची एक प्रत कमी होती म्हणून. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मी फाइल टेबलावर आपटून बबनभाऊंपुढे फणफणलो. "माणसाला काय कामधंदे नाहीत? तीनदा! तीनदा परत! एवढ्याशा कारणासाठी माणसाला हेलपाटे घालायला लावतात, यांना घरदार आहे की नाही?"

बबनभाऊ बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"तिसऱ्या बारीला काय निगालं? शिक्का कागदाच्या मागल्या बाजूला व्हता?"

"नाही, सहीच्या खाली तारीख नव्हती. शिक्क्याचं मधेच कुठून काढलंत तुम्ही?"

"माझ्या येळंला तसं निगालं व्हतं." ते हसत होते, पण डोळे माझ्यावर होते. "लय सालं झाली. आमच्या गावच्या शाळंच्या दोन खोल्या करायच्या व्हत्या. म्हटलं आपल्या हातानं कराव्या, आपलीच पोरं बसनार. नोंदनी लागती म्हनून तुमच्या हापिसात आलतो. टेबलावर तुमीच व्हता. पयल्यांदा ऐपतीचा दाखला न्हाई म्हनाला. त्यो आनला. मंग अनुभवाचा मागितला. मी म्हटलं, साहेब, माझ्यासंगं चला, घरं दावतो. तुमी म्हनाला, आमी हितं घरं बघत न्हाई, कागद बघतो. त्योबी आनला. तिसऱ्या बारीला शिक्का मागल्या बाजूला व्हता. मंग मी न्हाई आलो."

मला ते आठवत नाही. हेच सगळ्यात वाईट आहे. शिक्का मागच्या बाजूला आहे म्हणून मी किती अर्ज परत केले असतील याला गणती नाही, आणि त्यातला एकही चेहरा मला आठवत नाही. घरं बघत नाही, कागद बघतो, हे वाक्य मात्र माझंच होतं. ते मी मोठ्या ऐटीत नव्या कारकुनांनाही शिकवत असे.

"मग शाळा कुणी बांधली?" मी विचारलं.

"ज्येचं लायसन व्हतं त्येनं. म्हंजी मीच. त्येच्याकडं रोजावर व्हतो." ते उठले आणि टोपी झटकली. "खोल्या हायती आजून. गळत न्हाईत."

"बबनभाऊ, पहिल्या दिवशीच ओळखलंत ना मला? बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर तुमी शरमून दुसरा मानूस बघितला आसता," ते म्हणाले. "तसा तुमी बघितलाच, त्यो भाग निराळा."

शेवटी परवानगी आली, दंड भरला, गर्डर चढला. बबनभाऊंनी टेकू एकेक करून काढले, आणि प्रत्येक काढल्यावर छताकडे पाहून मिनिटभर थांबले. नवी भिंतही त्यांनी बांधून दिली, मधे फक्त एक खिडकी ठेवून, म्हणजे सुलभा पोळ्या लाटता लाटता माझ्यावर लक्ष ठेवू शकेल. आता फक्त काम पूर्ण झाल्याचा अर्ज राहिला होता. तो मंजूर झाला की आम्ही राहायला जाणार.

त्या अर्जात एक रकाना होता: काम करणाऱ्या ठेकेदाराचे नाव व नोंदणी क्रमांक. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "बबन सखाराम, गवंडी, मु. टाकवे बुद्रुक. नोंदणी नाही."

खिडकीवरच्या मुलीने अर्ज वाचला. माझ्या मुलाच्या वयाची असेल, बोलायला फार चांगली होती. "काका, नोंदणी नसेल तर नाव चालत नाही. इंजिनिअरची सही आहे, तेवढी पुरे. हा रकाना रिकामा सोडा, किंवा नोंदणीकृत माणसाचं नाव टाका."

नोंदणीकृत माणसाचा क्रमांक मला तोंडपाठ होता. ज्याने घर पाडायला घेतलं त्याचं नाव त्या रकान्यात बिनतक्रार चाललं असतं, खाली माझ्याच सहीच्या जोरावर.

"काम याच माणसाने केलं आहे," मी म्हणालो. "तुम्ही येऊन बघा."

"काका, आम्ही इथे कागद बघतो," ती म्हणाली. अगदी मऊ आवाजात म्हणाली. मी तर कधी इतक्या मऊ आवाजात म्हटलं नव्हतं. "मग अर्ज परत करावा लागेल."

"करा," मी म्हणालो.

अर्ज घेऊन मी घरी न जाता थेट टाकव्याला गेलो आणि बबनभाऊंच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "आवो, वैनींना घरात ऱ्हायाचंय का माझ्या नावात? उद्या जावा आन् रकाना मोकळा सोडून या." मग कागद उलटसुलट करून पाहिला, त्यांचं नाव असलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच मला एकेरीने म्हणाले, "येडा हायेस तू. माझ्या नावापायी तुझाबी अर्ज परत आला व्हय? जा, झाली आपली फिट्टंफाट."

दुसऱ्या दिवशी मी रकाना रिकामा सोडून आलो. आठवड्याभरात दाखला आला आणि आम्ही राहायला गेलो. पुढच्या भातझोडणीच्या आधीच बबनभाऊ गेले. थोड्याशा तापाचं निमित्त झालं. दहाव्याला मी गेलो होतो, आणि परतताना त्या शाळेच्या दोन खोल्या पाहून आलो, बत्तीस वर्षांच्या नोकरीत नव्हत्या पाहिल्या म्हणून.

फिट्टंफाट झाली असं ते म्हणाले. मला ते पटलेलं नाही. माझा अर्ज परत आला, त्याने माझं आठवडाभरही अडलं नाही. त्यांचा परत गेला आणि ते जन्मभर दुसऱ्याच्या नावावर घरं बांधत राहिले. त्यातल्या एका घरात मी आणि सुलभा निर्धास्त झोपतो.